विंडोज ११ : नव्या मशीनवर हात बसवताना

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे आमच्या तहसील कचेरीसमोरच्या ओळीतली बरीच मशीन बदलली. काहींनी आहे त्याच मशीनवर विंडोज ११ चढवलं. ज्यांच्या मशीनला टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नव्हतं किंवा प्रोसेसर जुना होता, त्यांना नवीन घ्यावं लागलं. माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, पावती पुस्तकं अशी कामं चालतात. शेजारचे स्टँप व्हेंडर, पतसंस्थेतल्या मॅडम, दोन-तीन वकील नवीन मशीन आणलं की माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असतं : "ताई, जरा पहिल्यासारखं करून द्या."

ही मागणी मला अगदी रास्त वाटते. दिवसभर टायपिंग करणारा माणूस स्क्रीनच्या खालच्या पट्टीकडे बघत नाही, त्याचा हात तिथे आपोआप जातो. ही सवय कमवायला वर्षं लागतात आणि कामाचा वेग सगळा तिच्यावर असतो. नव्या विंडोजमध्ये दिसायला सुंदर अशा पुष्कळ गोष्टी आहेत, पण जागा बदलणारी बटणं आणि शब्द काढून टाकलेली चित्रं या दोन गोष्टींनी ती सवय मोडते. म्हणून मशीन बसवताना मी दोनच गोष्टी बघते : बटण जागेवर थांबतं का, आणि त्याच्यावर नाव दिसतं का. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

गिऱ्हाईक नसताना एकदाच निवांत बसा आणि सगळं एका बैठकीत करून टाका. रोज थोडं थोडं बदलत राहिलात तर हात कशावरच बसत नाही. सेटिंग्ज उघडायला विंडोजचं बटण दाबून धरा आणि आय दाबा. पुढच्या बहुतेक गोष्टी तिथूनच सुरू होतात.

आधी खालची पट्टी

विंडोज ९५ पासून स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात होतं. मध्ये २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते पट्टीवरून काढूनच टाकलं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं. विंडोज ११ मध्ये बटण आहे, पण मध्यभागी आहे. आणि खरी अडचण मध्यभागी असण्याची नाही. पट्टीवरची सगळी चित्रं एकत्र मध्यात धरली जातात, त्यामुळे नवीन प्रोग्राम उघडला की सगळी रांग डावीकडे सरकते आणि तिच्याबरोबर स्टार्टही सरकतं. एक वर्ड उघडा, एक ब्राउझर उघडा, एक कॅल्क्युलेटर उघडा आणि स्टार्टकडे बघत राहा, म्हणजे लक्षात येईल. बंद केले की परत उजवीकडे येतं.

कोपऱ्यातल्या बटणाची मजा अशी की माउस कितीही जोरात डाव्या-खालच्या बाजूला फेकला तरी तो कोपऱ्यातच अडतो. नेम धरावा लागत नाही. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. पडद्याच्या कडा आणि कोपरे याच कारणाने सगळ्यात सोप्या जागा मानतात. आमच्याकडे येणाऱ्या निवृत्त गुरुजींचा हात थोडा थरथरतो. त्यांना कोपरा सापडतो, मधलं चित्र सापडत नाही.

हे दुरुस्त करणं सोपं आहे. पट्टीवर मोकळ्या जागी उजवं क्लिक करा, ‘टास्कबार सेटिंग्ज’ घ्या. अगदी खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ आहे, ते उघडून ‘टास्कबार अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ करा. बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण एवढं कराच.

त्याच जागी खाली ‘कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ असं लिहिलेलं दिसेल. तिथे ‘नेव्हर’ निवडा. का, ते सांगते. माझ्यासमोर एका वेळी तीन प्रतिज्ञापत्रं उघडी असतात : एक नावात बदलाचं, एक उत्पन्नाचं, एक वारसाचं. विंडोज ११ मुळात या तिन्हींचं मिळून वर्डचं एकच चित्र दाखवतं. त्याच्यावर माउस नेला की तीन छोटी पानं वर येतात आणि तिन्ही सारखीच दिसतात, पांढरा कागद आणि काळ्या ओळी. पक्षकार समोर उभा असताना कुठलं कोणाचं हे ओळखत बसायचं. ‘नेव्हर’ केलं की प्रत्येक फाइलचं नाव पट्टीवर स्वतंत्र दिसतं आणि एका क्लिकवर ती समोर येते. जुन्या विंडोजमध्ये ही सोय होतीच. ११ आलं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये, ती काढलेली होती. २०२३ मध्ये परत दिली. तुमच्या मशीनवर ही ओळ दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’च्या तळाशी ‘अबाऊट’ बघा. तिथे आवृत्ती २३एच२ च्या आधीची असेल तर ‘विंडोज अपडेट’ चालवून घ्या.

तसंच फाइल ओढत नेऊन पट्टीवरच्या प्रोग्रामवर धरण्याचंही झालं. आधी काढलं, २०२२ च्या मोठ्या अपडेटमध्ये परत आलं. एवढं लिहायचं कारण असं की सुरुवातीला वैतागून ज्यांनी प्रयत्न सोडला, त्यांनी आता पुन्हा करून बघावा.

टास्कबार सेटिंग्ज उघडलीच आहेत तर वरच्या बाजूची ‘विजेट्स’ आणि ‘टास्क व्ह्यू’ ही बटणं बंद करा. विजेट्सच्या चित्रावरून नुसता माउस गेला तरी बातम्या आणि हवामानाचा मोठा फलक कामावर येऊन उभा राहतो. ‘सर्च’ला ‘हाइड’ करा. शोध त्याने बंद पडत नाही. विंडोजचं बटण दाबून थेट अक्षरं टाइप करायला लागलात की शोध होतोच, फक्त पट्टीवरची जागा मोकळी होते आणि ती तुमच्या फाइलींच्या नावांना मिळते.

उजवं क्लिक

सगळ्यात जास्त तक्रारी मी याच्याबद्दल ऐकते. फाइलवर उजवं क्लिक केलं की कट, कॉपी, रिनेम, डिलीट या रोजच्या कामांच्या ओळी आता मेनूत नाहीत, त्यांची छोटी चित्रं करून एका आडव्या रांगेत ठेवली आहेत. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्या चित्रांखाली शब्दही नव्हते. २४एच२ पासून चित्राखाली नाव येतं, ही चांगली सुधारणा झाली. पण रांगेची जागा अजून पक्की नाही. मेनू माउसच्या खाली उघडला तर रांग वर असते. फाइल स्क्रीनच्या तळाशी असली आणि मेनू वरच्या दिशेने उघडला तर रांग खाली जाते. विचार चांगलाच आहे, रांग माउसच्या जवळ राहावी. पण रोज शंभर फाइलींची नावं बदलणाऱ्याला जवळपणापेक्षा ठरलेली जागा मोलाची असते. जवळ आहे का लांब आहे, हे बघायला लागलं की तिथेच वेळ गेला.

त्यातून झिप करायचे, स्कॅनरचे, जुन्या अक्षरलेखन सॉफ्टवेअरचे स्वतःचे पर्याय बरेचदा पहिल्या मेनूत येतच नाहीत. ते ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे असतात.

माझा उपाय असा. शिफ्ट दाबून धरा आणि मग उजवं क्लिक करा. जुना लांब मेनू सरळ उघडतो, मधली पायरी जाते. फाइल आधीच निवडलेली असेल तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबलं तरी तेच होतं. आणि नाव बदलायला मेनूकडे जाऊच नका. फाइल निवडून एफ२ दाबा, नाव टाइप करा, एंटर. एफ२ विंडोजच्या कुठल्याही आवृत्तीत जागा बदलत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एफ२, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि आल्ट-टॅब एवढंच शिकवते, बाकी सगळं नंतर.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, एक बदल करून जुना मेनू कायमचा आणता येतो, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. येतो, खरं आहे. पण दुसऱ्याच्या मशीनवर मी ते करत नाही. उद्या त्यांच्याकडे दुसरा कोणी दुरुस्तीला आला तर काय बदललंय हे त्याला कळणार नाही, आणि एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ते टिकेल अशी खात्री मला देता येत नाही. सेटिंग्जमधून जे होतं ते कोणालाही सापडतं आणि उलटवता येतं.

स्टार्ट मेनू, आणि काउंटरवरची माणसं

स्टार्ट उघडला की ‘रेकमेंडेड’ नावाखाली नुकत्याच उघडलेल्या फाइलींची नावं येतात. घरच्या मशीनवर सोयीचं आहे. दुकानात नाही. आमच्या काउंटरवर स्क्रीन समोरच्यालाही दिसते. एका घरातल्या वाटणीपत्राचं काम सकाळी केलेलं असतं आणि दुपारी त्यांचेच भाऊबंद झेरॉक्ससाठी उभे असतात. स्टार्ट उघडल्यावर फाइलचं नाव दिसणं म्हणजे लोकांनी आपल्यावर टाकलेला विश्वास चव्हाट्यावर येणं. वकील, सीए, दवाखाने, पतसंस्था या सगळ्यांनी हे मनावर घ्यावं.

सेटिंग्ज, मग ‘पर्सनलायझेशन’, मग ‘स्टार्ट’. तिथे अलीकडच्या फाइली दाखवणारी ‘शो रेकमेंडेड फाइल्स’ने सुरू होणारी लांब ओळ आहे, ती बंद करा. ‘टिप्स, शॉर्टकट्स, न्यू अ‍ॅप्स’चा उल्लेख असलेली ओळही बंद करा, म्हणजे न मागितलेल्या अ‍ॅप्सची शिफारस थांबते. वर ‘मोअर पिन्स’ दिसत असेल तर ते निवडा.

मात्र एक लक्षात ठेवा. पहिली ओळ बंद केली की फाइल एक्सप्लोररमधल्या अलीकडच्या फाइलीही जातात आणि पट्टीवरच्या वर्डवर उजवं क्लिक केल्यावर येणारी फाइलींची यादीही जाते. तीन वेगळ्या सोयी एकाच स्विचला बांधल्या आहेत. ही रचना मला साफ चुकीची वाटते. लोकांसमोरचा मेनू झाकायचा म्हणून स्वतःच्या कामाची यादी का सोडायची? पण आहे ते असं आहे. म्हणून काउंटरवरच्या मशीनवर मी बंद ठेवते, आतल्या मशीनवर चालू.

याच जातीची आणखी एक गोष्ट नोटपॅडमध्ये आहे. नवा नोटपॅड बंद करून पुन्हा उघडला तर आधी लिहिलेलं सगळं, सेव्ह न केलेलंसुद्धा, परत समोर येतं. अर्ज भरताना आधार क्रमांक, मोबाइल नंबर आपण नोटपॅडमध्ये उतरवून ठेवतो आणि खिडकी बंद केली की गेलं असं समजतो. ते गेलेलं नसतं. नोटपॅडच्या उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चक्रावर जा, ‘व्हेन नोटपॅड स्टार्ट्स’ मध्ये नवीन सत्र सुरू करण्याचा पर्याय निवडा. ज्या मशीनवर एकाहून जास्त माणसं बसतात तिथे हे आजच करा.

फाइल एक्सप्लोरर

इथे कामं छोटी आहेत, पटापट उरकतात. एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’वर जा, ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ करा. बोटांनी स्क्रीन वापरणाऱ्यांसाठी दोन ओळींत मोकळी जागा ठेवली आहे, माउसवाल्याला ती नको. तिथेच ‘शो’मध्ये ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ चालू करा. सरकारी पोर्टल फोटो जेपीजी मागतं आणि कागद पीडीएफ मागतं, आणि नावाच्या शेवटची अक्षरं लपलेली असतील तर कुठली फाइल कुठली हे अपलोड फेटाळल्यावरच कळतं. शिवाय पीडीएफचं चित्र लावून आलेली ईएक्सई फाइल, म्हणजे कागदाच्या वेशातला प्रोग्राम, ओळखायचा हा साधा मार्ग आहे.

आता वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा. इथे मात्र घाई नको. नवीन मशीनवर बरेचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये गेलेले असतात. मोफत जागा ५ जीबी. पत्रिकांच्या डिझाइनच्या फाइली आणि फोटो असले तर ती भरायला वेळ लागत नाही आणि मग सारखे इशारे येत राहतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या फोल्डरमधली फाइल "वर तर आहेच" म्हणून मशीनवरून पुसली तर वरूनही पुसली जाते. एक्सप्लोररमध्ये डेस्कटॉप उघडून वरचा पत्ता बघा. त्यात वनड्राइव्ह असं आलं तर तुमचा डेस्कटॉप तिकडे आहे.

बंद करायचं असेल तर आधी तिन्ही फोल्डरची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग घड्याळाजवळच्या ढगाच्या चित्रावर क्लिक करून सेटिंग्जमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’ इथे तिन्ही बटणं बंद करा. नंतर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये असतात. त्या तिथून कॉपी करून जागेवर आणा. आणि बॅकअप बंद केलात तर दुसरा बॅकअप ठेवायची जबाबदारी तुमची. आठवड्याला हार्ड डिस्कवर प्रत घेणार नसाल तर चालू राहू द्या, तेच बरं.

मराठी टायपिंग

मराठीत काम करणाऱ्याचा खरा वेळ इथे जातो. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) शिकलेल्यांना ‘मराठी’ कीबोर्ड, रोमन अक्षरांवरून लिहिणाऱ्यांना ‘मराठी फोनेटिक’. दोन्ही सोबतच येतात, बाहेरून काही उतरवायला नको. पण दोन्ही एकदम ठेवू नका. बहुतेक नव्या मशीनवर इंग्लिशही दोन असतात, भारताची आणि अमेरिकेची. चार कीबोर्डच्या फेऱ्यात विंडोज आणि स्पेसबार दाबत बसावं लागतं आणि दर वेळी कोपऱ्याकडे बघावं लागतं. एक इंग्लिश, एक मराठी, एवढंच ठेवा. मग प्रत्येक वेळी एकदाच दाबायचं आणि बघायचं काम नाही.

त्यानंतर ‘टाइम अँड लँग्वेज’मध्येच ‘टायपिंग’, तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’. ‘लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच अ‍ॅप विंडो’ चालू करा. आता वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्लिश आपापल्या जागी राहतात, खिडकी बदलली की भाषा बदलायला नको. त्याच पानावर ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ आहे. तिथे डाव्या आल्ट-शिफ्टचा शॉर्टकट काढून ‘नॉट असाइन्ड’ करा. भरभर टाइप करताना आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले जातात आणि भाषा मध्येच पलटते, त्याचं कारण हे असतं.

मंगल फॉन्टबद्दल रोज कोणीतरी विचारतं. विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी मुळात निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात आहेत. मराठी जोडली की तो सहसा आपोआप येतो. नाही आला तर ‘सिस्टिम’मध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ उघडून तो शोधून घ्या. कचेरीतून आलेल्या नमुन्याच्या ओळी तुमच्याकडे वेगळ्या तुटत असतील, दीड पानाचं दोन पानं होत असेल, तर आधी हे बघा.

डोळ्यांसाठी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मशीनवर मी तीन गोष्टी करते. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टेक्स्ट साइझ’ ११५ ते १२५ टक्के. तिथेच ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ चालू, कारण एरवी बाजूची पट्टी माउस नेल्याशिवाय धड दिसत नाही आणि खाली आणखी पर्याय आहेत हेच माणसाला कळत नाही. आणि ‘अ‍ॅनिमेशन इफेक्ट्स’ बंद. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर खिडक्या चटकन उघडल्यासारख्या वाटतात, तो फरक पतसंस्थेतल्या मॅडमनी स्वतःहून सांगितला.

नव्यातलं सगळंच मोडीत काढायला नको. विंडोज आणि झेड दाबा, स्क्रीनचे भाग पाडायचे नमुने वर येतात. डावीकडे स्कॅन केलेला दाखला, उजवीकडे भरायचा अर्ज, आकडे न चुकता उतरतात. मी ते दिवसभर वापरते. विंडोज आणि व्ही दाबून एकदा चालू केलं की कॉपी केलेल्या मागच्या पंचवीस गोष्टींपर्यंतची यादी मिळते. काउंटरवरच्या मशीनवर मात्र ती यादीही चालू करू नका, कारण नोटपॅडसारखंच, त्यातही लोकांचे नंबर राहतात.

मोठं अपडेट आलं की पट्टी, स्टार्ट आणि वनड्राइव्ह ही तीन पानं एकदा उघडून बघा. आणि जे सेटिंग्जमधून सुटत नाही त्याची तक्रार पाठवा. विंडोज आणि एफ दाबलं की ‘फीडबॅक हब’ उघडतं. आधी तीच तक्रार कोणी केली आहे का ते शोधा आणि असेल तर तिलाच मत द्या, नवीन लिहू नका, म्हणजे मतं विखुरत नाहीत. पट्टीवरची नावं लोकांनी मागत राहिल्यामुळेच परत आली. माझं मत सध्या अलीकडच्या फाइलींना तीन वेगळे स्विच द्या, या मागणीला आहे.